बोंडातले कारागीर

वऱ्हाडात पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. दसऱ्याच्या पुढेमागे शेतात जावे, फुटलेल्या बोंडातून एक सरकी काढावी, तिच्यावरचा कापूस बोटांनी विंचरावा आणि एकच तंतू सुटा करून काळ्या कापडावर ठेवावा. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा तो तंतू म्हणजे एक पेशी. पेशींची माळ नाही, दोरी नाही. एकच सलग पेशी. तिची जाडी पंधरा-वीस मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या साधारण चौथाई. लांबी मात्र जाडीच्या हजारपटीहून जास्त. हीच पेशी करंगळीएवढी जाड असती, तर ती वीस मीटरच्या पुढे गेली असती.

एका सरकीवर असे पंधरा-वीस हजार तंतू असतात. बोंडात तीसेक सरक्या धरल्या तरी एका बोंडात चार-पाच लाख पेशी उलगडून बसलेल्या असतात. आमच्या वलगावच्या शिवारात, पेढी नदीच्या दोन्ही अंगांना, काळ्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कापूस होत आला. पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करणारी घरे आमच्याकडे अजून आहेत. पण आपण ओटीत भरतो आहोत ती प्रत्येक गोष्ट एकेक पेशी आहे, हे वेचणाऱ्या बाईला कुणी सांगितलेले नसते. मी एकदा एका काकूंना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, ‘‘म्हंजे हे जितं हाय का भाऊ?’’ प्रश्न नेमका होता. उत्तर असे की होते. बोंड फुटले तेव्हा मेले.

या लेखाचा विषय प्रथिने आहे, आणि मी कापसापासून सुरुवात केली याचे वाचकाला नवल वाटू शकेल. कारण तयार कापसात प्रथिन जवळजवळ नसतेच. नव्वद टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज, थोडे मेण, थोडे पेक्टिन, थोडे क्षार आणि प्रथिन जेमतेम एक-दीड टक्का. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, दूध आठवते, हल्ली डब्यातली पावडर आठवते. प्रथिन ही खाण्याची गोष्ट, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. पण पेशीच्या दृष्टीने ते अन्न नंतर असते, आधी तो कारागीर असतो. घर बांधून झाल्यावर गवंडी निघून जातो, भिंत राहते; तसा कापूस ही मागे राहिलेली भिंत आहे. म्हणूनच कारागिरांचे काम समजून घ्यायला ती मला सोयीची वाटते.

‘प्रोटीन’ हा शब्द १८३८चा. स्वीडनच्या बर्झेलियसने तो डच रसायनज्ञ मुल्डरला पत्रातून सुचवला. ग्रीकमधल्या ‘पहिल्या स्थानाचा’ अशा अर्थाच्या शब्दावरून. आपल्या ‘प्रथिन’मध्येही ‘प्रथम’ ऐकू येते. रचना सांगायला सोपी आहे. वीस प्रकारची अमिनो आम्ले. त्यांची एकापुढे एक जोडलेली साखळी. कोणत्या क्रमाने जोडायची ते जनुकात लिहिलेले. साखळी तयार होता होता स्वतःवरच दुमडते आणि तिला एक ठरावीक आकार येतो. पुढचे सगळे या आकारावर अवलंबून. लोहार एकाच लोखंडातून विळा करतो, वखराची पास करतो, अडकित्ताही करतो. लोखंड तेच, घडण वेगळी म्हणून काम वेगळे. वीस आम्लांच्या साखळीतून पंप होतो, दार होते, खांब होतो, कात्री होते, दोर ओढणारा गडी होतो. साखळीतले एखादे मोक्याचे आम्ल बदलले की घडण बिघडते आणि काम बंद पडते. ही गोष्ट पुढे बोंडअळीच्या पोटात शिरल्यावर पुन्हा लागणार आहे.

आता फुलापासून सुरुवात करू. अमेरिकन जातीच्या कपाशीचे फूल पहिल्या दिवशी दुधी पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. ते उमलते त्याच दिवशी आतल्या बीजांडाच्या पृष्ठभागावर दर तीन-चार पेशींमागे एक पेशी फुगून वर येते. हा तंतूचा जन्म. मग दोन-तीन आठवडे ती पेशी फक्त लांब होत राहते, जोमात असताना दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत. पेशी विभागत नाही, नवी जोडली जात नाही. एकच पेशी ताणली जाते.

ताणणारी शक्ती पाण्याची. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यावर ती टायरला जशी आतून दाबते, तसे पेशीच्या पोटातल्या मोठ्या रिक्तिकेत पाणी शिरते आणि भिंतीला आतून रेटते. पण पाणी आपोआप शिरत नाही, त्याला आमिष दाखवावे लागते. पेशीच्या पातळ पटलात बसवलेली प्रथिने पोटॅशियम आणि साखर आत खेचून घेतात. आतला रस दाट होतो आणि पाणी त्याच्यामागे येते. पटल स्वतः मेदाचे आहे, त्यातून पोटॅशियम जाऊच शकत नाही. पटलाला दारे-खिडक्या असतात त्या सगळ्या प्रथिनांच्या. पाण्यासाठीही प्रथिनांच्या खास नळ्या आहेत.

दुसरी अडचण भिंतीची. भिंत घट्ट राहिली तर पेशी लांबणार नाही, सैल पडली तर फुटेल. इथे ‘एक्स्पान्सिन’ नावाची प्रथिने काम करतात. सेल्युलोजच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या गाठी ती हलकेच सैल करतात. काहीही न कापता. धागे सरकतात, भिंत ताणली जाते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत रोचक वाटते. प्रत्येक वनस्पतिपेशी शेजारणीशी बारीक छिद्रांनी जोडलेली असते. तंतूच्या बुडाशीही अशी छिद्रे असतात. ती उघडी राहिली तर आतला दाब शेजारी निघून जाईल. पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसे. म्हणून वाढ ऐन जोरात असताना तंतू ही छिद्रे कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजवून टाकतो आणि पुढे काही दिवसांनी मोकळी करतो. बुजवणारे विकर वेगळे, साफ करणारे वेगळे, दोन्ही प्रथिनेच. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या रुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला कपाशीच्या वेगवेगळ्या वाणांत हे तपासले. छिद्रे जास्त दिवस बंद राहतात त्या वाणाचा तंतू लांब, लवकर उघडतात त्याचा आखूड, असा मेळ त्यांना दिसला.

तंतूची लांबी ही आमच्याकडे नुसती शास्त्राची बाब कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. ‘उमरावती’चे, म्हणजे अमरावतीचे ते बाजारी रूप. १८५३मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला, त्यामागे कर्जाचे कारण होते आणि कापसाचा लोभही होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि गिरणीवाल्यांची जुनी तक्रार परत सुरू झाली: ऊमरा आखूड आहे. आमचा जुना कापूस देशी, म्हणजे ‘आर्बोरियम’ जातीचा. पाऊस ताणला तरी तग धरणारा, रोगकिडीला सहजी न दबणारा, पण आखूड. बारीक सुताला लांब तंतू लागतो. रेल्वे आल्या, कापूस कमिशनर आले, परदेशी बी आले, आणि पुढची शंभर वर्षे वऱ्हाडच्या कापूस संशोधनाचा मोठा भाग या काही मिलिमीटरांच्या मागे खर्च झाला. मॅंचेस्टरला जे खुपत होते ते अखेर बीजांडाच्या कातडीवरच्या काही प्रथिनांचे वेळापत्रक होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते.

आजही बाजारात व्यापारी चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, पुन्हा जुळवतो, पुन्हा ओढतो आणि लांबी सांगतो. आमचा बहुतेक कापूस कोरडवाहू. सप्टेंबरमध्ये पावसाने वीस दिवस दडी मारली आणि नेमके तेव्हाच तंतू लांबत असले, तर आत खेचायला पाणीच नसते. पंप ठीक, दारे ठीक, विहीर कोरडी. नंतर पाऊस आला तरी त्या बोंडांतला तंतू आखूडच राहतो, कारण लांबण्याची मुदत टळलेली असते. पोटॅशची कमतरता असली तरी हेच होते. शेतकऱ्याला भाव कमी मिळतो तेव्हा त्यात हे वीस दिवस असतात.

साधारण तिसऱ्या आठवड्यात कामाचा नूर पालटतो. लांबणे मंदावते आणि पेशी आतून भिंत जाड करू लागते. आता लागते सेल्युलोज, तेही जवळपास शुद्ध. ते विणणारे यंत्र पटलातच बसवलेले असते. सहा पाकळ्यांच्या फुलासारखा प्रथिनांचा एक गट. १९८० साली गोठवलेल्या पेशी फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना ही ‘गुलाबे’ वनस्पतीत स्पष्ट दिसली. प्रत्येक फूल आतून साखर घेते आणि बाहेरच्या बाजूला सेल्युलोजच्या अनेक साखळ्या एकदम सोडते. त्या साखळ्या चिकटून एक अतिसूक्ष्म धागा होतो. कोळी धागा सोडत पुढे सरकतो, तसे हे फूल पटलातून सरकत जाते.

हे प्रथिन घडवणारे जनुक वनस्पतीत बरीच वर्षे कुणाला सापडत नव्हते. १९९६मध्ये ते सापडले, आणि कपाशीच्या तंतूतच सापडले. डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंत जाड होत असतानाचे तंतू घेतले, त्यात कोणती जनुके जोरात चालू आहेत ते पाहिले आणि जिवाणूंच्या सेल्युलोज-जनुकाशी जुळणारे जनुक ओळखले. इतर झाडांत ही पेशी बाकीच्या दहा प्रकारच्या पेशींत मिसळलेली असते. कपाशीत लाखो पेशी एका वयाच्या, एका कामात गुंतलेल्या, सुट्या हाती येतात. जगातल्या प्रत्येक झाडाचे लाकूड आणि प्रत्येक गवताची काडी ज्या यंत्राने विणली जाते, त्याचा पत्ता बोंडाने सांगितला.

मग ते फूल कोणत्या दिशेने सरकते? पटलाच्या आतल्या अंगाला ट्युब्युलिन या प्रथिनाच्या पोकळ नळ्या असतात. या सूक्ष्मनलिका रुळांचे काम करतात. २००६मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपात सेल्युलोज विणणारी प्रथिने प्रकाशमान करून ती या रुळांवरून चालताना प्रत्यक्ष पाहिली गेली. कपाशीच्या तंतूत सुरुवातीला हे रूळ आडवे असतात, बांगड्यांसारखे. त्यामुळे पेशी जाड न होता लांब होते. पुढे ते तिरपे होतात आणि तंतूभोवती मळसूत्रासारखे फिरतात. मध्येच कुठेतरी डावे मळसूत्र उजवे होते, परत डावे होते. भिंतीतले सेल्युलोजही तसेच पडते.

याचा परिणाम बोंड फुटल्यावर दिसतो. पेशीतले पाणी आटते, पोकळी चपटी होते आणि नळीची पट्टी होते. भिंतीत मळसूत्र असल्यामुळे ती पट्टी वाळताना पीळ घेते; दिशा बदलते तिथे पीळही उलटतो. माझ्याकडच्या साध्या शाळकरी सूक्ष्मदर्शकातही हे पीळ मोजता येतात. कापसाचे सूत निघते त्याला या पिळांचा मोठा हातभार आहे. एक तंतू दुसऱ्यात अडकतो तो त्यांच्यामुळे. सावरीचा कापूसही पांढरा आणि मऊ असतो, पण त्याचा तंतू गुळगुळीत, बिनपिळाचा. तो उशीत भरावा, कातू जाऊ नये. पिळाची आखणी करणारे प्रथिनांचे रूळ तोवर विरून गेलेले असतात.

हिवाळ्याचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. रात्री गार पडल्या की सेल्युलोज विणण्याचा वेग घटतो. म्हणून उशिराच्या बोंडांत भिंत पातळ राहते, तंतू अपरिपक्व राहतो, त्याला रंग नीट चढत नाही आणि सुतात गाठी येतात. शेवटच्या वेचणीच्या कापसाला भाव कमी, यामागे व्यापाऱ्याची लबाडी असेल तेव्हा असेलही. पण थंडीही असते.

एवढे करून पेशी मरते. भिंत मात्र टिकते. धुतली, वापरली, फाटली तरी टिकते. २० डिसेंबर १९५६ला आमच्या वलगावजवळ पेढीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. आयुष्यभर त्यांच्या अंगावर होत्या त्या चिंध्या म्हणजे अशाच कैक वर्षांपूर्वी मेलेल्या पेशी होत्या.

आता बोंडाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. सरकी फक्त आपल्याला हवी असते असे नाही. शेंदरी बोंडअळीलाही ती हवी असते. १८४३मध्ये या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन सॉंडर्सने केले ते भडोचच्या कपाशीवरून आलेल्या नमुन्यांवर; म्हणजे ती इथे जुनीच. अंड्यातून निघालेली बारीक अळी काही तासांत बोंडात शिरते. आत जाण्याचे छिद्र बुजून जाते. फुलात असली तर पाकळ्या गुंडाळल्या जाऊन डोमकळी दिसते. बोंडात असली तर बाहेरून काहीच दिसत नाही. फुटल्यावर कळते की आत कापूस नाही, कवडी आहे.

तिला मारण्यासाठी आणलेले हत्यार प्रथिनच होते. मातीतल्या ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूची ओळख जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगातून झाली, तिला नाव मिळाले जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतावरून. हा जिवाणू एका प्रथिनाचे स्फटिक बनवतो. त्यातले ‘क्राय१एसी’ घडवणारे जनुक कपाशीत घातले, तेच बीटी. २६ मार्च २००२ला जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना केंद्राच्या समितीने मंजुरी दिली. २००६मध्ये ‘क्राय२एबी’ हे दुसरे प्रथिन जोडलेले बियाणे आले.

क्राय प्रथिन आपण खाल्ले तर पचून जाते. अळीच्या पोटात काय होते ते पाहण्याजोगे आहे. तिच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात प्रथिन विरघळते. मग अळीचीच पाचक विकरे त्याचे दोन्हीकडचे टोक छाटतात आणि आतला कामाचा भाग मोकळा होतो. म्हणजे शत्रूची तलवार म्यानातून काढून देण्याचे काम अळी स्वतः करते. (ही पाचक विकरे आपल्या ट्रिप्सिनच्या जातकुळीची. डाळीकडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात, आणि त्यांच्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम केले ते कमला सोहोनींनी. त्यांची केंब्रिजची १९३९ची पीएच.डी.ही एका प्रथिनाच्याच शोधावर उभी आहे: बटाट्यापासून सुरुवात करून सायटोक्रोम-सी वनस्पतींच्या पेशींतही असते हे त्यांनी दाखवले. मराठी वाचकाला त्यांना बेंगळूरला नाकारलेला प्रवेश ठाऊक असतो, शोध ठाऊक नसतो.)

मोकळे झालेले क्राय प्रथिन आतड्याच्या पेशीवर एक खुंटी शोधते. ती खुंटी म्हणजे कॅडहेरिन, पटलातून बाहेर डोकावणारे अळीचे प्रथिन. प्राण्यांच्या शरीरात कॅडहेरिन घराण्यातली बरीच प्रथिने पेशीला पेशी धरून ठेवतात. क्रायचा आकार अळीच्या कॅडहेरिनवर बेतून बसतो. तिथे अडकल्यावर अनेक क्राय रेणू एकत्र येतात आणि पटलात घुसून भोक पाडतात. बाहेरचे क्षार आत, मागोमाग पाणी. पेशी फुगते आणि फुटते. गंमत अशी की तंतू ज्या पाण्याच्या दाबाने लांब होतो, त्याच दाबाने आतड्याची पेशी फुटते. तंतूला भोवती भिंत आहे, अळीच्या पेशीला नाही. माणसाच्या आतड्यात क्रायला लागणारी खुंटी नाही, म्हणून त्याचे आपल्याशी काही जमत नाही.

सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीची फवारणी खरोखर कमी झाली. मग २०१०मध्ये गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही, हे तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले. काही वर्षांत दुसरेही निकामी झाले, आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे कवडी झाली.

भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्या तपासल्या तेव्हा त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड सापडले. एक नाही, अनेक प्रकारचे. कुठे तुकडा गळालेला, कुठे जोडणी चुकलेली. एकूण एकच: खुंटी तुटकी. क्राय येते, अडकायला जागा नाही, विष्ठेबरोबर निघून जाते. दुसऱ्या प्रथिनाची खुंटी वेगळी, तिच्यातही वेगळे बिघाड. अळीने नवे काही शिकून घेतले असे लोक म्हणतात. तिने काही घडवलेले नाही. लाखो अळ्यांत एखादीची खुंटी आधीच मोडकी असते, बाकीच्या मेल्यावर शेत तिचे होते.

आता एक हिशेब, जो मला वाटते प्रत्येक कृषी केंद्रावर फलकावर लिहायला हवा होता. अळीला खुंटीचे जनुक आईकडून एक, बापाकडून एक असे मिळते. दोन्ही मोडकी असली तरच ती वाचते. एक धड असले तर खुंट्या तयार होतात आणि ती मरते. म्हणून शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशी लावायची. तिथे धडधाकट पतंग वाढतात, ते वाचलेल्या पतंगांशी जुगतात आणि पोरे एका धड जनुकामुळे मरतात. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे दुसरे पाकीट येत असे ते यासाठी. ते फार थोड्यांनी पेरले. एकराचा पाचवा भाग अळीला सोडा, असे दोन-चार एकरवाल्याला सांगणे सोपे, पटवणे अवघड; आणि का सोडायचा ते त्याला कुणी खुंटीपर्यंत नेऊन सांगितले नाही.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना माहीत आहे. आपल्याकडे बीटी आले ते संकरित बियाण्यात. त्या झाडात बीटीचे जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेले. तंतू आणि सरकीची साल ही आईच्या शरीराची. पण सरकीच्या आतला गर ही पुढची पिढी. संकरित झाडाच्या बोंडात म्हणून दर चार सरक्यांत एकीमध्ये क्राय१एसी नसतेच. दोन प्रथिनांच्या वाणातही सोळात एक सरकी दोन्हींशिवायची. आणि शेंदरी अळी तर बोंडात बसून सरक्याच खाते. एकाच बोंडात विषारी, कमी विषारी, बिनविषारी असे पंगतीचे वाढप तिला मिळाले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले केशव क्रांती यांनी हा मुद्दा आवर्जून मांडला. बहुतेक देशांनी बीटी सरळ वाणांत घेतले. तिथे बोंडातली प्रत्येक सरकी सारखी असते.

त्यात भर फरदडीची. संकरित वाण लांब मुदतीचे. पाणी असले की फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवायचे, आणखी चार क्विंटल निघतात. अळीला तेवढ्या पिढ्या जास्त मिळतात. हिरवी अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. हरभऱ्यातली घाटेअळी ती हीच. तिचे धडधाकट पतंग तुरीच्या ओळींतून येत राहिले आणि ती बीटीपुढे बरीचशी नरमच राहिली. शेंदरी अळीचे पोट जवळपास कपाशीवरच, म्हणून तिच्यावर दाब सगळा एकाच ठिकाणी पडला. आमच्या आजोबांच्या पिढीने कपाशीत तुरीचे तास घातले ते खाण्यासाठी; त्यांचा हाही उपयोग होता.

बीटी हरले की पंप पाठीवर येतो. २०१७मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हा वापरात असलेली सगळी औषधे एका गटातली नव्हती, मिश्रणेही मारली जात होती. पण जो मोठा गट आहे, ऑर्गनोफॉस्फेट, त्याचे लक्ष्यही प्रथिनच असते: अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला की निरोपाचा रेणू लगेच तोडून टाकणारे हे विकर. एक रेणू सेकंदाला हजारो निरोप तोडतो. फॉस्फेट त्याच्या नेमक्या खाचेत चिकटून बसते. निरोप साचतात: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर, शेवटी श्वास. अ‍ॅट्रोपिन साचलेल्या निरोपांचे कान बंद करते. प्रॅलिडॉक्सिम फॉस्फेटला खाचेतून ओढून काढते, पण लवकर दिले तर, नंतर ते पक्के बसते. क्राय प्रथिनाला अळी आणि माणूस यांतला फरक कळत होता. या औषधाला कळत नाही, कारण हे विकर अळीचे आणि आपले जवळजवळ एकाच घडणीचे आहे. रुमाल नाकाला बांधून विना हातमोज्यांचा फवारणारा गडी आणि त्याच्या पायाशी पडणारी अळी एकाच जागी मार खातात.

मग उरते काय? कमी मुदतीचे वाण, डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, पऱ्हाट्या बांधावर रचून न ठेवणे, आणि कामगंध सापळे. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की नागपूरची संस्था, सल्ला हाच असतो. सापळ्यातली गोळी मादी पतंगाच्या वासाची नक्कल करते. ‘गॉसिप्लुअर’ नावाचा हा वास दोन जुळ्या रेणूंच्या सम मिश्रणाचा. प्रमाण बिघडले की ओढ कमी होते. नराच्या मिशांवरील केसांत हा वास पकडणारी प्रथिने बसलेली असतात. हवेतला नेमका तोच रेणू त्यांच्या खाचेत बसला की मज्जातंतू पेटतो आणि पतंग वाऱ्याविरुद्ध उडू लागतो. इथे कुणाला मारायला विष लागत नाही.

ओलांडायची रेषा अशी दिलेली आहे: एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री. त्याखाली असेल तर फवारू नये. गेल्या काही हंगामांपासून ऑगस्ट लागला की आमच्याकडची दोन-तीन पोरे सकाळी सापळ्याची पिशवी सोडून पतंग मोजतात आणि आकडा खडूने गोठ्याच्या दारावर लिहितात. परवाचा चार होता, कालचा सहा.